सारिकाचा पहिला एकटीचा प्रवास

तुम्ही हसाल, पण मी एकदा एसटीत मार खाता खाता वाचलोय.

मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवतो. आमची सारिका शाळा संपवून हिंगोलीत एका बेकरीत कामाला लागणार होती. सेनगावहून बसनं एकटीनं कसं जायचं, ते आम्ही तिला बरेच दिवस शिकवलं होतं. पण पहिल्या दिवशी तिची आई रडायलाच लागली, म्हणून मी तोंडाला रुमाल बांधून गुपचूप मागच्या सीटवर बसलो.

वाटेत एका मावशीनं मला हेरलं. "ओ कंडक्टर, हा बाबा मघापासून त्या पोरीकडंच बघून राहिला!"

कंडक्टरनं माझी कॉलर धरली. "काहून रे? पोरी, तू वळखतीस का याला?"

"न्हाई," सारिका ठामपणे म्हणाली. "तोंड बांधलेल्या माणसाशी बोलायचं न्हाई, सरांनी सांगितलंय."

मी घाईघाईनं रुमाल सोडला. "अगं, मीच सर!"

तिनं मला नीट न्याहाळलं आणि कंडक्टरला समजावलं, "सोडा त्यांला, काका. आमचे सरच हायेत. त्यांला एकट्यानं बसमधी भीती वाटते. मी उतरवते त्यांला हिंगोलीत."

मावशीचा राग पार उतरला. तिनं सरकून मला खिडकीजवळची जागा दिली.