चुलत्यांकडची भिंत

अहो, पुणतांब्याला आमचं नवं घर बांधत होतो तेव्हाची गोष्ट. चुलत्यांच्या घराकडची भिंत गवंड्यानं नुकतीच उभी केली आणि अवकाळी पाऊस आला. आमची एकुलती ताडपत्री कांद्यावर टाकलेली. भिंतीचं सिमेंट धुऊन जाणार म्हणून वडील नुसते येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात बांधाच्या भांडणापासून अबोला धरलेले चुलते स्वतःची ताडपत्री घेऊन धावत आले.

"धर रं तिकडनं!" वडलांवर ते ओरडले.

दोघांनी भिजत भिंत झाकली. पाऊस ओसरल्यावर चुलत्यांनी हळूच विचारलं, "आमच्याकडं खिडकी न्हाई ठिवली व्हय?"

वडलांनी भिंत चाचपली. म्हणाले, "अजून ओली हाय, दादा. विटा निघत्यात."