दोन मात्रांची जागा

(श्रीगोंदा. खाजाभाईंच्या घराचा ओटा. लग्नाच्या बँडचे हे जुने मास्तर आता शाळेतल्या पाच मुलांना फुंकायची वाद्यं शिकवतात. त्यांतली दोघं, फलक आणि पार्थ, समोर बसली आहेत.)

फलक : माझं नाव खोडा, चाचा. रविवारच्या कार्यक्रमात क्लॅरनेट दुसऱ्या कुणाला तरी द्या.

खाजाभाई : खोडतो, बेटा. पेन्सिल हातातच आहे. पण आधी सांग, अडतंय कुठं?

पार्थ : मी सांगतो. पाचव्या ओळीला हिचा दम संपतो आन् शिट्टी होती. कुकरवानी. सगळे लई हसले.

फलक : तू गप रे! तुझ्या भोंग्याला ओळीत चारच सूर.

पार्थ : चारच, पर वजनदार.

खाजाभाई : फलक, त्या ओळीआधी श्वास कुठं घेतेस?

फलक : घ्यायला जागा कुठं ठेवलीय तुम्ही? तिसऱ्या ओळीपासून सगळं सलग आहे. अम्मी म्हणाली, डोळे बाहेर येतील तुझे.

खाजाभाई : आण तो कागद. आणि तुमच्या शाळेतल्या जयाबाईंनी दिलेलं सुरांचं मूळ पुस्तकही आण.

पार्थ : ते स्पेनच्या बॅलेचं? साठ जनांचं वाजवनं चाचांनी पाच जनांत बसवलंय. एश्टीची मानसं रिक्षात!

खाजाभाई : खरंय बाबा. हे बघ फलक, तुझी ही ओळ तिकडं व्हायोलिनवाले वाजवतात. त्यांचा हात चालतो, दम लागत नाही. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आणि इथं... थांब. इथं, पाचव्या ओळीच्या आधी, तर पुस्तकात काहीच नाही.

फलक : काहीच नाही म्हणजे?

खाजाभाई : दोन मात्रा सगळे गप्प. साठच्या साठ. नाचणारी तेव्हा उडी घेत असेल. मी तिथं सूर भरले.

फलक : का पण?

खाजाभाई : सवय. चाळीस वर्षं वरातीत वाजवलं. वरातीत बँड थांबला की लोक वळून बघतात, भांडण झालं का म्हणून. मोकळी जागा दिसली की माझा हात तिथं काहीतरी लिहितोच. तुझ्या दमात खोट नाही, पोरी. चूक माझी झाली.

पार्थ : पर चाचा, आपल्याकडं नाचनारी कुठाय? आपन गप बसलो तर लोकांना वाटंल, पोरं इसरली.

खाजाभाई : वाटेल कदाचित. मलाही धास्ती वाटतेय. तरी घे हे खोडरबर. तूच पूस, फलक. पाचही कागदांवर.

फलक : पण परत सुरू कधी करायचं? तुम्ही हात करणार?

खाजाभाई : मी खाली बसणार, लोकांत.

पार्थ : मग आमी चौघांनी बघायचं कुनाकडं?

खाजाभाई : हिच्याकडं. हिनं श्वास घेतला की तुम्ही उचलायचं.

फलक : आणि मला जरा जास्त वेळ लागला तर?

पार्थ : लागू दे की. आमी थांबतो.