भोत जाळलं त्या दिवशी

आमचं मूळ गाव मालवणकडचं, पण माझा जन्म मुलुंडचा, बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि घरात माझ्या लग्नाचं सुरू झालं, तेवढ्यात कॉलेजात नवीन कोर्स निघाला, जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखाली काम करायचा. बाबा बोलले, म्हशींचा शेण काढूक कॉलेजात जातंस? मी बोलले, जाते. मग ठरलं, कोर्स टिकला तर शीक, बंद पडला तर आत्येच्या दिराशी लग्न.

कोर्स कसला, काय सांगू तुम्हाला, एक खोली, एक सर, आम्ही पाच पोरंपोरी आणि जनावर एक नाही. सर कुत्र्यामांजरांचे डॉक्टर, माणूस सोन्यासारखा, पण तबेल्याची त्यांना सवय नव्हती. एका शेठच्या हातापाया पडून त्यांनी तबेल्यात शिकवायची परवानगी आणली. पहिला धडा स्वच्छता. तिथे एका म्हशीचं रेडकू मेलेलं, तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यासमोर ठेवलेलं, भोत म्हणतात त्याला, ते चाटलं की ती पान्हा सोडायची. आम्हाला कुठे माहीत. वास मारत होता, माश्या घोंगावत होत्या, सर बोलले रोगाचं घर आहे हे, जाळा. जाळलं ना आम्ही.

कातडं पेटलं तशी म्हैस ओरडली, ते ओरडणं अजून कानात आहे माझ्या, दावं तोडून सरळ सरांवर आली, मांडीत शिंग घुसवून उचललं आणि भिंतीवर आपटलं, परत आपटलं. तबेल्याची माणसं लाठ्या घेऊन धावली, अर्धी म्हशीला मारतायत, अर्धी आम्हाला, एका पोराचे दात पडले, माझ्या पाठीत लाठी बसली, पण सरांच्या मांडीवर दाबलेला हात मी काढला नाही, रक्त उसळत होतं नुसतं. मारणाऱ्याला बोलले, मार, पण हात नाही काढणार मी. मग ओढणी करकचून बांधली.

सर जगले. कॉलेजवाले कोर्स बंद करायला निघालेले, तर सर खाटेवरून बोलले, या पोरीने मला वाचवलं, हिला हे शिकवलं कोणी? मीच ना? कोर्स टिकला, लग्न टळलं.

म्हशीने मात्र पान्हा सोडला नाही. मारून बघितलं, दुसरं कातडं ठेवून बघितलं, हुंगून तोंड फिरवायची. शेठने खाटकाला दिली. ट्रकमध्ये चढेना तर शेपूट पिरगाळून चढवली, मी उभी होते तिथे.

आज त्याच कोर्सला मी शिकवते, पोरं झकास तयार होतात, देव त्यांचं भलं करो. कोर्स कोणी उभा केला विचारलं की सगळे सरांचं नाव घेतात, माझंही घेतात. त्या म्हशीचं कोण घेणार, तिला कोणी नावच ठेवलेलं नव्हतं.