खंदकातला उंदीर

चहा निवला तरी चालेल, पण आमच्या खंदकाची गोष्ट ऐकाच. चीनची लढाई सुरू होती आणि मी नवी नवरी होऊन बेंगळूरला आले होते. हे विमानांच्या कारखान्यात, त्यामुळे यांना रोज आभाळातून बॉम्ब पडताना दिसायचा. परसातला खंदक यांनी स्वतः खणला.

एका सकाळी सरावाचा भोंगा झाला. आम्ही दोघं खाली उतरलो. सासूबाई मात्र काठावरच थबकल्या, कारण कोपऱ्यात मेलेला उंदीर होता.

"उंदीर पडलाय. वर या दोघं!"

"अम्मा, मीच औषध घातलं होतं त्याला. प्लेग कधीच गेला. आता एका बॉम्बनं सगळं गाव जाईल, आणि तू उंदराला भितेस?"

मी पदराआड हसले.

"स्वल्प थांब. बॉम्बनं माणूस जातो कसा?" सासूबाईंनी विचारलं.

"कळतसुद्धा नाही. एका क्षणात."

"मग बरा की रे तुझा बॉम्ब! आमच्या अक्काला प्लेगची गाठ आली, तेव्हा तिला घरात ठेवून आम्ही सगळे माळावर झोपड्यांत राहायला गेलो. निघताना ती पाणी मागत होती."

हे वर चढले. मागोमाग मी. सगळी गल्ली खंदकात आणि आम्ही तिघं उघड्यावर. पहाऱ्यावरचा स्वयंसेवक कुंपणापलीकडून ओरडला, "उतरा खाली! मरायचंय का?"

"अम्माला एकटीला सोडून नाही उतरणार," हे म्हणाले.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "तेव्हा आमच्यातलं कुणी असं म्हणालं नाही रे."