मेल्विनची ग्रेड

म्हाताऱ्यांशी मी हरलेला एकच वाद सांगते, म्हणजे तुमच्या जिवाला बरं वाटेल.

पदवी घेऊन मी मस्कतला आई-बाबांकडे आले होते. नोकरी नाही, मैत्रिणी नाहीत, घरात मोबाइल एकच, तोही बाबांचा. आम्हा वसईकरांची तिथल्याच वादी अदाई भागातल्या मैदानावर फुटबॉल स्पर्धा असायची. त्याआधी फ्रान्सिस अंकलच्या घरी मोठी मंडळी प्रत्येक खेळाडूला ए, बी, सी अशी ग्रेड द्यायची आणि संघ त्या क्रमाने पोरं निवडायचे. यादी लिहायला मी.

मेल्विनला त्यांनी सी दिली. माझं डोकंच फिरलं.

"अंकल, दोन्ही पायांनी खेळणारा हा एकटाच आहे! तुम्ही काय तोंड बघून ग्रेड देता?"

"पोरी, खेळ नंतर. माणूस शेवटपर्यंत इथे आहे का, ते आधी बघायचं."

"दर शुक्रवारी प्रॅक्टिसला पहिला येतो तो. मी बघते ना!"

बघायचे, कारण प्रॅक्टिस संपली की तो तासभर माझ्याशी गप्पा मारायचा. अख्ख्या मस्कतमध्ये माझ्याशी बोलणारा तेवढाच एक.

"अगं, फायनलच्या आधी त्याचा व्हिसा संपतोय. त्याच्या अर्बाबने, मालकाने, कामावरून खलास सांगितलं. कायमचा चाललाय तो गावाला." अंकलनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तुला बोलला नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"बोलला की," मी म्हटलं आणि त्याच्या नावापुढे सी लिहिली. "पुढचं नाव सांगा."