बनुबाईच्या पापणीचा दाखला

डॉक्टर : म्हणून तर म्हणते, गुंडाकाका, बनुबाईंना बाहेर कशाला बसवलंत? आठ वर्षांनी पापणी किती टिकली ते मला बघायचंय.

गुंडा : पापणी एक नंबर टिकली, डॉक्टरीणबाई. बनुबाई न्हाई टिकली. बारा दिवस झालं. हार्टनं गेली, घरीच.

डॉक्टर : अरे देवा. कळवायचं तरी.

गुंडा : पापणीची तक्रार नव्हती. आज आष्ट्यासनं आलोय ते कागदासाठी. तुमी तवा म्हनला हुता, लोंबती पापणी वर बांधली की झोपंत डोळा पुरता मिटायचा न्हाई.

डॉक्टर : हो. म्हणून रात्री मलम.

गुंडा : आठ वरसं मीच घातलं. ऑपरेशनची पट्टी सुटली तवा तिनं मला नीट न्याहाळलं आन् म्हनली, तुमी लय म्हातारं झालासा की वो.

डॉक्टर : कागद कसला हवाय?

गुंडा : गेल्यावर डोळं मिटंनात. शेजारच्या सुलाबाईनं तीनदा हात फिरवला, परत उघडं. बाया म्हनाय लागल्या, लेकात जीव अडकलाय. राजवर्धन फौजंत. रजा मिळून आला तो राख सावडायला. बायांनी त्येच्या कानावर हेच घातलं. तवापासनं भाकरीला शिवंना. आई माझी वाट बघत गेली, म्हनतंय. परवा रजा संपतीया. असलं डोस्कं घेऊन बंदुकीपाशी कसं धाडू?

डॉक्टर : तुम्ही समजावलंत?

गुंडा : बापाचं ऐकतोय व्हय? फौजी हाय, सही-शिक्का लागतोय. लिवा, डोळं ऑपरेशनमुळं उघडं राहिलं.

डॉक्टर : (केसपेपर उलटत) काका, ऑपरेशन फक्त डाव्या डोळ्याचं होतं. उघडा कोणता राहिला?

गुंडा : दोन्ही.

डॉक्टर : मग खरं तेच लिहिते. गेल्यावर पुष्कळांचे डोळे अर्धवट उघडे राहतात. त्याचा वाट बघण्याशी काही संबंध नसतो.

गुंडा : पुष्कळांचं नगा लिवू. त्येला वाटंल, पुष्कळ जनं वाट बघतच जात्यात.

डॉक्टर : काका, एक विचारू? त्या बघत होत्या का वाट?

गुंडा : खाट दाराकडं फिरवून घेतली हुती तिनं. तेवढं कागदावर नगा घेऊ.