टाळूवरचं टक्कल

वरठीच्या फलाटावर माझ्या कानांना दुसरं काम नव्हतं. शेजारच्या बाकावर कुंताबाई आणि तिची भाची गुड्डी, गुड्डीच्या मांडीवर इतिहासाचं पुस्तक.

"आंधळगावच्या पोराचं स्थळ आलं, त्याले नाही काहून म्हनतेस?"

"मावशी, त्याच्या टाळूवर टक्कल हाये."

"तुह्या पुस्तकातल्या चित्रात पोरायले बी हाये!"

"ते जुन्या युरोपातले विद्यार्थी. मठातल्या साधूंसारखी टाळू मुद्दाम भादरत. मंग चर्चची मानसं समजून राजाचा शिपाई बी त्यायले हात लावत नसे."

"पाह्य! टक्कल म्हनजे शिकलेला, वजनदार मानूस. फोन लावू?"

"पन मठातल्या टक्कलवाल्यायले लग्नाची मनाई होती."

"अवं, मिटव ते पुस्तक! पोरानं वाचलं तर तोच नाही म्हनंल."

"तो? मले नाही म्हनंल? लाव फोन!"